एकट्याचे पत्र

१

मनात आलेले चार विचार लिहून काढावेत, ते आपल्या नावावर लोकांपुढे ठेवावेत आणि त्याकरिता कोणा संपादकाची मनधरणी करावी लागू नये, ही इच्छा काही आजकालची नव्हे. छापण्याची कला आली तेव्हापासून ती लिहिणाऱ्यांच्या मनात घर करून बसली आहे. आजच्या तरुणांच्या तोंडी ती ‘ब्लॉग’ या नावाने येते. कोणी त्याला ‘अनुदिनी’ म्हणून पाहिले, कोणी ‘जालनिशी’. परंतु हे शब्द फारसे रुळले नाहीत आणि लोक ब्लॉगच म्हणत राहिले. नवशिका माणूस या वाटेला लागला म्हणजे त्याचे पहिले प्रश्न बहुधा यंत्राचे असतात. जागा कोठे घ्यावी, नाव कसे नोंदवावे, अक्षरे कोणती वापरावीत? हे प्रश्न एका संध्याकाळीत सुटतात. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात आणि ते येणार आहेत याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसते. दर आठवड्याला लिहावयाचे काय? कोणी वाचीत नसेल तर कोणाच्या भरवशावर लिहावे? आपला तोल सुटला तर हात कोणी धरावा? आणि आपण थांबलो म्हणजे त्या लेखनाचे पुढे काय व्हावे?

या चारही प्रश्नांना आपल्या आधी माणसे सामोरी गेली आहेत. त्यांच्याजवळ वीज नव्हती, पडदा नव्हता. कागद होता, शाई होती आणि छापखान्याचे देणे होते. एका माणसाने एकट्याच्या बळावर पत्र काढावे आणि ते चालवावे, हा उद्योग लंडनमध्ये झाला, पुण्यात झाला, मुंबईत झाला. तो कसा झाला हे पाहिले म्हणजे नव्या माणसाला आपली वाट पुष्कळशी तुडवलेली आहे असे आढळून येईल. खाचखळगे कोठे आहेत तेही कळेल.

२

प्रथम लंडनकडे वळू. १७०९ च्या एप्रिलमध्ये रिचर्ड स्टील याने ‘टॅटलर’ हे पत्र काढले. ते थांबल्यावर स्टील आणि त्याचा मित्र जोसेफ ॲडिसन या दोघांनी १ मार्च १७११ पासून ‘स्पेक्टेटर’ सुरू केले. रविवार सोडून रोज एक अंक; त्यात बहुधा एकच निबंध. ना लढाईच्या बातम्या, ना दरबारच्या. कॉफीच्या दुकानात बसून माणसे जे बोलतात, त्यांच्या ज्या खोडी असतात, नाटकात, वेषात, संसारात जे दिसते, त्याविषयी हसतखेळत लिहिलेले एक पान. आपल्या पत्राच्या रोज तीन हजार प्रती खपतात असे ॲडिसनने दहाव्या अंकात अभिमानाने लिहिले. एकेक प्रत वीस-वीस माणसे वाचतात असाही त्याचा हिशेब होता. पुढे १७१२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने छापील पानावर कर बसविला. पत्राची किंमत दुप्पट झाली, खप उतरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ५५५ अंकांनिशी ही पहिली मालिका संपली. निबंध लिहून लोकांना रोज भेटता येते हे या दोघांनी दाखविले. परंतु ते दोघे होते आणि त्यांना मदत करणारे मित्रही होते.

एकट्याने तोच गाडा ओढण्याचे धाडस डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी केले. लिचफील्ड गावच्या एका गरीब पुस्तकविक्याचा हा मुलगा. पैशाअभावी ऑक्सफर्ड सोडले, पदवी मिळाली नाही. शाळा काढली, ती चालली नाही. मोजक्या विद्यार्थ्यांपैकी पुढे प्रसिद्ध नट झालेल्या गॅरिकला बरोबर घेऊन १७३७ साली त्यांनी लंडनची वाट धरली. इंग्रजी भाषेचा कोश करण्याचे अवाढव्य काम अंगावर असतानाच त्यांनी २० मार्च १७५० रोजी ‘रॅम्ब्लर’ या पत्राचा पहिला अंक काढला. दर मंगळवारी आणि दर शनिवारी एक निबंध, किंमत दोन पेन्स. १४ मार्च १७५२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, एकही वार न चुकता २०८ अंक निघाले. त्यांतील मोजके अंक आणि काही पत्रे सोडली तर सारे लिखाण जॉन्सन यांच्या हातचे. छापखान्याचा पोरगा दारात उभा आहे आणि आत निबंध लिहिला जात आहे, असे कित्येकदा होई. पुष्कळ निबंध पुन्हा एकवार वाचून न पाहताच छापावयास गेले.

आणि खप किती? पाचशेही नाही. ॲडिसनच्या तीन हजारांपुढे ही संख्या केविलवाणी वाटेल. निबंध जड आहेत, विनोद कमी आहे, भाषा लॅटिन शब्दांनी वाकली आहे, असे लोक म्हणत. तरीही मंगळवार आणि शनिवार चुकले नाहीत. आठवड्याला चार गिनी मिळत, त्यांची गरज होती हे खरे. परंतु केवळ चार गिनींकरिता कोणी दोनशे आठ वेळा कोऱ्या कागदापुढे बसत नाही. गावोगावच्या वर्तमानपत्रांनी त्यांतील निबंध उतरून घेतले. पुढे ते सारे पुस्तकरूपाने बांधले गेले आणि जॉन्सन यांच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पहिल्या दिवशी जे पाचशे जणांनी घेतले नाही, ते पन्नास वर्षे लोक वाचीत राहिले.

आमच्या नवशिक्याने येथे दोन गोष्टी गाठीस बांधाव्यात. पहिली म्हणजे वार ठरलेला असावा. स्फूर्तीची वाट पाहणाऱ्याचे पत्र तिसऱ्या अंकाला बसते. दुसरी म्हणजे वाचकांची संख्या पहिल्या वर्षी मोजू नये. आज तर पडद्यावर आकडा क्षणोक्षणी दिसतो, हे सुख नसून दुखणेच आहे. जॉन्सन यांना तो आकडा आठवड्यातून दोनदा कळत असेल. आपल्याला तो तासातून दहादा पाहावासा वाटतो.

३

आता महाराष्ट्रात येऊ. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस निघाले. एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. काढणारे बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपासचे होते. आठ वर्षे ते पत्र चालले. त्यानंतर १८४१ साली भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आले आणि त्यात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने गोपाळ हरि देशमुखांची पत्रे येऊ लागली. तीच पुढे ‘शतपत्रे’ म्हणून गाजली. देशमुख सरकारी नोकरीत होते. स्वतःचे पत्र त्यांच्याजवळ नव्हते. पण दुसऱ्याच्या पत्रात त्यांना एक कोपरा आणि एक टोपणनाव मिळाले, तेवढ्यावर त्यांनी मराठी समाज हलवून सोडला. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राहून लिहिणे हीही एक रीत आहे. मात्र त्या घराचा दरवाजा उघडा पाहिजे.

एकट्याच्या पत्राची खरी सुरुवात आपल्याकडे झाली ती १८७४ च्या जानेवारीत. पुण्याच्या सरकारी शाळेतील तेवीस वर्षांच्या एका शिक्षकाने ‘निबंधमाला’ नावाचे मासिक काढले. त्यांचे नाव विष्णु कृष्ण चिपळूणकर. वडील कृष्णशास्त्री मोठे विद्वान. त्यांनी हाती घेतलेले जॉन्सन यांच्या ‘रासेलस’चे भाषांतर मुलाने पुरे केले आणि ते १८७३ साली प्रसिद्ध झाले. अर्थात ‘रॅम्ब्लर’च्या कर्त्याची ओळख विष्णुशास्त्र्यांना घरातच झालेली होती. पुढे ‘माले’त त्यांनी जॉन्सन यांचे विस्तृत चरित्रही लिहिले. लंडनच्या त्या दोन पेन्सांच्या पानाचा आणि पुण्याच्या या मासिकाचा संबंध असा पुस्तकातून जुळलेला आहे.

शिक्षण खात्याच्या ‘शालापत्रका’चे काम विष्णुशास्त्र्यांनी पाहिलेले होते. परंतु सरकारी पत्रात सरकारवर टीका किती दिवस चालावी? १८७५ साली ते पत्रक बंद पडले. तोवर ‘माला’ एक वर्षाची झाली होती. पहिल्या अंकातच त्यांनी मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर लिहिले. पुढे इतिहास, वक्तृत्व, भाषादूषण, लोकभ्रम, गर्व, विद्वत्त्व आणि कवित्व असे एकामागून एक विषय आले. सात वर्षांत ८४ अंक आणि जवळजवळ सारे एका हातचे. इंग्रजी शिकलेल्या माणसाला मराठीत लिहिण्याची लाज वाटे असा तो काळ. त्या काळात मराठी गद्याला वाद घालता येतो, थट्टा करता येते, संतापता येते आणि एक विचार वीस पाने न सोडता चालविता येतो, हे या मासिकाने दाखविले.

आता या उद्योगाचा खर्चाचा भाग पाहा. लिहिणे फुकट होते. बाकी काहीच फुकट नव्हते. कागद विकत, जुळारी पगारी, छपाई रोख. १८५४ पासून टपाल अंतरावर न जाता वजनावर जाऊ लागले होते, म्हणून पुण्याचे मासिक नागपूरच्या किंवा बडोद्याच्या वर्गणीदारापर्यंत पोहोचू शके. परंतु वर्गणीदारांची यादी ठेवावी कोणी, थकलेली वर्गणी मागावी कोणी? हे सारे शाळेतील तास सांभाळून व्हावयाचे. त्यात १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापखाना चालविणाऱ्याला आणि नियतकालिकाच्या मुद्रक-प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागे. १८७८ साली तर लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांकरिता निराळाच कडक कायदा आणला; तो १८८२ साली रद्द होईपर्यंत प्रत्येक मराठी संपादकाच्या मानेवर ते जू होते.

विष्णुशास्त्र्यांची बदली रत्नागिरीस झाली. पुणे सुटले, स्नेही सुटले, ग्रंथ दूर राहिले. ‘माला’ मात्र सुटली नाही. शेवटी १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरीच सोडली. २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. त्यांच्यामागे आर्यभूषण छापखाना उभा होता. त्याआधी १८७८ साली त्यांनी साने आणि मोडक यांच्याबरोबर ‘काव्येतिहाससंग्रह’ काढून जुनी काव्ये आणि बखरी छापावयास घेतल्या होत्या. चित्रशाळेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. मला या साऱ्या उद्योगात एक सूत्र दिसते. लेखणी स्वतःची असून भागत नाही. छापखाना परक्याचा असेल तर लेखणीही अर्धी परक्याचीच, हे त्यांनी ओळखले होते. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा त्यांचा ‘माले’तील शेवटचा दीर्घ निबंध पुढे इंग्रज सरकारने जप्त केला. १७ मार्च १८८२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. एवढ्या थोड्या आयुष्यात एवढे काम उभे राहिले त्याचे मूळ महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या त्या एका बारीकशा मासिकात आहे.

४

येथपर्यंत गोष्ट गौरवाची झाली. परंतु एकट्याच्या पत्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे.

जेथे संपादक, लेखक आणि मालक एकच, तेथे लेखकाचा हात धरणारा कोणी उरत नाही. ‘निबंधमाले’त लोकहितवादींवर, दयानंदांवर, जोतीराव फुल्यांवर जी शस्त्रे चालली ती नुसत्या वादाची नव्हती. फुल्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली निघाला आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्या माणसाने काय सांगितले याचा विचार करण्याऐवजी तो कोणत्या मराठीत सांगतो याची ‘माले’त थट्टा झाली. व्याकरण हे हत्यार झाले आणि ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षर शिकू दिले नाही त्यांच्यावरच ते चालविले गेले. शेजारी एखादा खंबीर संपादक असता तर तो म्हणाला असता, ‘शास्त्रीबुवा, शुद्धलेखन राहू द्या, मुद्द्याला उत्तर द्या.’ तसा शेजारी तेथे नव्हता. आजच्या ब्लॉग लिहिणाऱ्या तरुणालाही तो शेजारी नसतो. म्हणून जे रागाच्या भरात लिहिले ते एक रात्र उशाशी ठेवून सकाळी वाचावे, हा नियम त्याला स्वतःलाच स्वतःवर घालावा लागतो.

परंतु गंमत अशी की अशा पत्राचे औषधही असेच दुसरे पत्र असते. १८७७ च्या जानेवारीत कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. पुढे १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. शेतकरी आणि गिरणीकामगार यांची दुःखे ज्यात छापली जातील असे पान दुसरे कोणी देईना, तेव्हा ते त्यांनी आपले आपण काढले. फुल्यांनी स्वतः १८८५ साली ‘सत्सार’ नावाचे लहानसे पत्र काढले. त्याचे दोनच अंक निघाले. पण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि तिच्यावर चहूकडून टीका झाली, तेव्हा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले ते ‘सत्सारा’च्याच पानात. ताराबाईंच्या स्वतःच्या हाती असे पान नव्हते. त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. दोन अंकांचे पत्र वाया गेले असे म्हणणाऱ्याने याचा विचार करावा.

या साखळीतील सर्वांत मोठे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्याकरिता अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात, सरकारी नोकरीत. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे लागले. या पत्राची पैसे घेऊनही जाहिरात छापावयास ‘केसरी’ने नकार दिला ही गोष्ट बाबासाहेबांनी पुढे स्वतःच नमूद केली आहे. ज्या ‘केसरी’च्या उभारणीत ‘माला’कारांचा हात होता, त्याच्याच दारातून ही पाठवणी झाली. एकेकाळी स्वतःचे पान नसलेल्या माणसांनी काढलेले पत्र मोठे झाले म्हणजे तेही दार लावून घेते, हा इतिहासाचा धडा आहे.

‘मूकनायक’ १९२३ साली बंद पडले. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. लेखक मिळत नव्हते. पगार देऊन माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. दिवसा कोर्ट आणि कॉलेज, मध्येच सभा, रात्री रकाने. १९२९ च्या अखेरीस तेही पत्र थांबले. देणे वाढले होते आणि वर्गणीदार स्वतःच गरीब होते. पण त्या अंकांत जे लिहिले गेले ते दुसऱ्या कोणत्याही पत्राने त्या काळी छापले नसते.

जांभेकर, जॉन्सन, चिपळूणकर, आंबेडकर ही सारी माणसे कधी ना कधी मास्तरकी केलेली आहेत. मी त्याच धंद्यातला असल्यामुळे मला याचे थोडे सुख वाटते. परंतु त्यात काही नवल नाही. वर्गात सांगून जे उरते ते सांगावयास मास्तराला आणखी एक फळा हवा असतो.

५

आता नव्या फळ्याकडे वळू. १९९४ च्या जानेवारीत अमेरिकेतील स्वार्थमोर कॉलेजच्या जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने महाजालावर स्वतःचे एक पान मांडले आणि त्यावर तो आपल्याविषयी लिहू लागला. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर याने आपल्या अशा नोंदींना ‘वेबलॉग’ म्हटले. ‘लॉग’ ही जहाजावरची रोजनिशी. १९९९ साली पीटर मेरहोल्झ याने तो शब्द गमतीने मध्येच तोडून वाचला आणि त्यातून ‘ब्लॉग’ निघाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीने ‘ब्लॉगर’ उघडले. तोवर स्वतःचे पान काढावयाचे तर जुळाऱ्याचे काम, म्हणजे त्या पानाची सांकेतिक भाषा, शिकावी लागे. ‘ब्लॉगर’ने ते काम यंत्राकडे दिले, माणसाने चौकटीत मजकूर लिहावा आणि कळ दाबावी, एवढेच राहिले. कंपनीजवळचे पैसे २००१ च्या आरंभी संपले, मंडळी निघून गेली आणि इव्हान विल्यम्स एकटाच ती चालवीत राहिला. २००३ च्या फेब्रुवारीत गूगलने ती विकत घेतली.

त्याच वर्षी मे महिन्याच्या २७ तारखेला ‘वर्डप्रेस’ आले. मिशेल वाल्ड्रिगी नावाच्या गृहस्थाने लिहिलेली जुनी आज्ञावली बेवारस पडली होती. अमेरिकेतील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि इंग्लंडातील माइक लिटल या दोघांनी ती उचलली, दुरुस्त केली आणि कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी अशा परवान्याने सर्वांना खुली केली. एखाद्याने छापखाना बांधून गावाच्या चावडीवर ठेवावा आणि वर त्याचा आराखडाही वाटावा, तसेच हे झाले.

मराठी माणसाला मात्र आणखी एक डोंगर ओलांडावयाचा होता, तो अक्षरांचा. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला आणि सुबक देवनागरी खिळ्यांनी मराठी-संस्कृत ग्रंथांना रूप आले. संगणकावर आरंभी तसे एकच एक देवनागरी नव्हते. ज्या ठशात मजकूर लिहिला तो ठसा वाचणाऱ्याच्या यंत्रात नसला तर सारा निबंध अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बसे. जगातील प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक द्यावयाचा, ही ‘युनिकोड’ची व्यवस्था १९९१ साली आली आणि तीत देवनागरी पहिल्यापासून होती. परंतु सामान्य माणसाच्या यंत्रापर्यंत ती पोहोचावयास २००० साल उजाडले. त्यानंतरच मराठी ब्लॉगांना खरा बहर आला.

आजचा नवशिका सुरुवात करतो तेव्हा त्याला दोन वस्तू लागतात, नाव आणि जागा. नाव म्हणजे महाजालावरचा पत्ता. तो नोंदवून दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागते, भरले नाही तर दुसरा कोणी तो घेऊ शकतो. जागा म्हणजे ज्या यंत्रात आपले लेख राहतात ते घर. तीही भाड्याने मिळते. दोन्ही फुकट देणाऱ्या कंपन्या आहेत. फुकटात पाटी मात्र त्यांची लागते आणि नियमही त्यांचे. आरंभाला तेवढे पुरते. कोणी पहिल्याच दिवशी आर्यभूषण छापखाना काढीत नाही. परंतु लिहिणे अंगवळणी पडले, वाचक येऊ लागले, म्हणजे पत्ता तरी स्वतःचा करून घ्यावा. घर बदलले तरी पत्ता तोच राहिला तर वाचक चुकत नाहीत.

मॅजिस्ट्रेटपुढचे प्रतिज्ञापत्र आता नाही. १८६७ चा कायदाच २०२३ च्या नव्या कायद्याने बाजूला सारला. तो नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. महाजालावरच्या लेखनाला जाचक ठरलेले माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. याचा अर्थ काहीही लिहावे असा नव्हे. अब्रुनुकसानीचा कायदा आहे, दुसऱ्याच्या लेखनाच्या हक्काचा कायदा आहे. पूर्वी हे वाचून दाखविणारा संपादक असे. आता ते वाचन ज्याचे त्याने करावयाचे.

६

शेवटचा प्रश्न राहिला, तो जपणुकीचा. मला सर्वांत काळजी वाटते ती याचीच.

‘निबंधमाले’चे अंक आज वाचावयास मिळतात, कारण कोणीतरी ते महिन्यामागून महिना उचलून ठेवले, बारा-बारा एकत्र बांधले आणि वाचनालयाच्या कपाटात ठेवले. सरकारने निबंध जप्त केला तरी तो नाहीसा झाला नाही, कारण प्रती घरोघर विखुरलेल्या होत्या. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने पुन्हा छापले. ते छापता आले याचे कारणही हेच, की अंक जपणारी माणसे होती. कागदाला वाळवी लागते, पाणी लागते. तरीही शंभर प्रती असल्या तर दहा उरतात.

नव्या पानाचे तसे नाही. ‘जिओसिटीज’ नावाची एक वसाहत १९९४ साली महाजालावर उघडली होती. लक्षावधी माणसांनी तेथे फुकटात आपापली पाने मांडली. कोणी मांजरांविषयी लिहिले, कोणी आपल्या गावाविषयी, कोणी वारलेल्या मुलाविषयी. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये मालक कंपनीने अमेरिकेतील ती वसाहत बंद केली. काही हौशी मंडळींनी आणि १९९६ पासून महाजालाच्या प्रती साठवणाऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने जे वाचविता आले ते वाचविले, बाकीचे गेले. आग लागली नव्हती, जप्ती आली नव्हती. भाडेकरूंच्या हाती घराची किल्ली नव्हती, एवढेच कारण.

म्हणून नव्या लेखकाला माझे सांगणे फार थोडे आहे. विषय असा घ्यावा की ज्यावर आपल्याला बारा निबंध लिहिता येतील. एकच लिहिता येत असेल तर तो एखाद्या मासिकाला द्यावा. वार ठरवावा आणि तो पाळावा. पहिले वर्ष आकडा पाहू नये. ज्याच्यावर टीका करावयाची त्याचे म्हणणे प्रथम त्याच्याच शब्दांत मांडून पाहावे आणि मगच लेखणी उचलावी. ‘माले’ला जे साधले नाही ते आपल्याला साधावे. प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्या यंत्रात, एक दुसऱ्या ठिकाणी आणि वर्षाच्या अखेरीस सारे लेख कागदावर उतरवून एक बाड बांधावे. त्या बाडावर साल घालावे आणि गावच्या वाचनालयात एक प्रत नेऊन द्यावी. ग्रंथपाल कुरकुरला तरी द्यावी.

छापखाना आता चावडीवर आला आहे. ज्या माणसांना दोनशे वर्षे कोणी रकाना दिला नाही त्यांची नातवंडे आज तेथे स्वतः खिळे जुळवू शकतात. जुळवलेले पान पुढच्या पिढीच्या हाती पडावयाचे असेल, तर मुद्रक, संपादक आणि ग्रंथपाल या तिघांचीही कामे लिहिणाऱ्यालाच करावी लागतील. विष्णुशास्त्र्यांनी ती केली, बाबासाहेबांनी तर कर्ज अंगावर घेऊन केली. त्या मानाने आपल्याला पडणारे कष्ट फार नाहीत.